टोकं कशी धरलीत?

फूरियेचा नियम मी पहिल्यांदा मोजला तो मामांच्या बॉयलरवर. सांगलीत बी.एस्सी. करत होते. दुर्वाहकाची उष्णतावाहकता लीच्या पद्धतीनं काढायचा प्रयोग तेव्हाही होता, आजही बहुतेक कॉलेजांत असतो. तीन दोऱ्यांनी स्टँडला टांगलेली पितळेची जाड चकती, तिच्यावर पुठ्ठ्याची पातळ चकती आणि सगळ्यांत वर वाफेची डबी. वाफ सोडायची आणि दोन्ही थर्मामीटरांचा पारा एका जागी ठरेपर्यंत बसून राहायचं. प्रॅक्टिकलची वेळ संपत आली की बरेच जण 'आला स्टेडी स्टेट' म्हणत वहीत आकडे भरायचे. आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, ते मला असं करू द्यायचे नाहीत. "पारा अजून हलतोय बघ पोरी. थांब जरा." घंटा होऊन गेलेली असायची, त्यांची गावाकडची बस सुटलेली असायची, आणि ते बॉयलरमध्ये पाणी ओतत उभे असायचे. प्रयोगाचे मार्क सगळ्यांना जवळपास सारखेच पडत. तरीही मामा थांबायचे. का थांबायचे हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. पण पुढे वर्षानुवर्षं ज्या प्रश्नात मी गुंतून राहिले, त्यातली पहिली कठीण गोष्ट, स्थिर अवस्थेची वाट पाहणं, त्यांनी मला बॉयलरपाशी उभं राहून शिकवली.

प्रयोगामागचा नियम जोसेफ फूरियेचा. हा माणूस फ्रान्समध्ये ग्रनोबलला सरकारी अधिकारी होता, जिल्ह्याचा प्रीफेक्ट. कारभार सांभाळत त्यानं उष्णतेचा अभ्यास केला आणि १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे निबंध ठेवला. लाग्रांजसारख्या ज्येष्ठाला त्यातलं गणित पटलं नाही. ग्रंथ छापून यायला १८२२ साल उजाडलं. नियम मात्र कुणालाही समजावा असा आहे: जितका तापमानाचा उतार, तितका उष्णतेचा प्रवाह. दोन्ही टोकांची तापमानं तीच ठेवून दांडा दुप्पट लांब केला तर उतार निम्मा होतो आणि प्रवाहही निम्मा. लोखंड, लाकूड, पुठ्ठा, सगळीकडे हे खरं ठरतं. इंजिनिअर त्यावर भट्ट्या बांधतात.

"आणि हा नियम आजतागायत कुणी सिद्ध केलेला नाही," असं सर वर्गात म्हणाले तेव्हा मी लिहायची थांबले.

सर आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवत. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी हयातभर स्वतःचं नाव कुठे पुढे केलं नाही, आता मी करणं बरं दिसणार नाही. ते म्हणाले ते असं: अणू न्यूटनच्या नियमांनी हलतात. अणूंचं हलणं म्हणजेच उष्णता. मग न्यूटनच्या नियमांतून फूरियेचा नियम गणितानं निघायला हवा. तो खऱ्याखुऱ्या घन पदार्थासाठी काटेकोरपणे काढून दाखवणं कुणालाही जमलेलं नाही. पुढे २००० साली बोनेट्टो, लेबोविट्झ आणि रे-बेले या तिघांनी एक मोठा लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच फूरियेच्या नियमाला सिद्धान्तकारांपुढचं आव्हान म्हटलं आहे. सरांनी आम्हाला ते त्याआधीच सांगितलं होतं, तालुक्यातून येणाऱ्या, बहुतेक बी.एड.ला जाणाऱ्या मुलामुलींना. पाठ्यपुस्तकात पूर्ण झालेलं वाटणारं काहीतरी आतून अजून उघडं आहे, हे त्या वयात कळणं ही फार मोठी गोष्ट असते. माझ्यावरचं त्यांचं पहिलं ऋण हे.

त्यांची एक सवय होती. गणित कुठलंही असो, सोनोमीटरची तार, हवेचा स्तंभ, एका बाजूनं भिंतीत रोवलेली पट्टी, पहिला प्रश्न ठरलेला: "टोकं कशी धरलीत?" आम्ही समीकरणावर तुटून पडलेलो असायचो आणि ते शांतपणे फळ्यावरच्या आकृतीच्या दोन्ही कडांवर खडू आपटायचे. समीकरण सगळ्यांचं तेच असतं, म्हणायचे. उत्तर टोकांवरून निघतं. परीक्षेपुरतं आम्ही ते पाठ केलं.

एम.एस्सी.ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायच्या आधी मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांची एक कोरी राहिलेली पुरवणी ओढली आणि ओळीत टिंबं काढली, दोन टिंबांच्या मधे नागमोडी रेघ. टिंब म्हणजे अणू, रेघ म्हणजे स्प्रिंग. डाव्या टोकाला गरम साठा, उजव्या टोकाला गार. "तीन मितींचं राहू दे. एवढं एका ओळीचं तरी बघू, फूरिये खरा ठरतो का." मग कपाटातून एक बॉक्स फाइल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आत हातानं उतरवलेले शोधनिबंध होते. झेरॉक्सला पैसे नसायचे त्या काळात, सत्तरच्या दशकात, पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून त्यांनी शाईच्या पेनानं निबंधच्या निबंध उतरवून घेतले होते, आकृत्यांसकट. त्यांना याच विषयात पीएच.डी. करायची होती. वडील गेले, पाठच्या भावंडांची शिक्षणं राहिली होती, नोकरी धरावी लागली. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि लगेच पहिल्या निबंधाकडे वळले.

तो पहिला निबंध १९६७ चा, रीडर, लेबोविट्झ आणि लीब यांचा. सगळे अणू सारख्या वजनाचे, सगळ्या स्प्रिंगा सारख्या आणि आदर्श, म्हणजे जितकं ताणाल तितक्याच जोरानं ओढणाऱ्या. अशा साखळीचं गणित पूर्ण सोडवता येतं, आणि त्यांनी ते सोडवलं. उत्तर चकित करणारं होतं. प्रवाह साखळीच्या लांबीवर अवलंबून राहतच नाही. साखळी हजार अणूंची असो की दहा लाखांची, पलीकडे तेवढीच उष्णता पोचते. मधल्या भागात तापमानाला उतारच नाही, गरम आणि गार यांच्या बरोब्बर सरासरीवर ते सपाट पडून असतं. इतकंच काय, गरम टोकाच्या लगतच्या अणूंचं तापमान मध्यापेक्षा किंचित कमीच निघतं! फूरियेचा नियम इथं साफ मोडतो. कारणही समजण्यासारखं आहे. आदर्श स्प्रिंगांच्या साखळीत लहरी एकमेकींतून आरपार जातात. कुणी कुणाला अडवत नाही, वळवत नाही. अडथळा नाही म्हणून उतार नाही.

या निबंधाच्या लेखकांपैकी जोएल लेबोविट्झ यांच्याबद्दल मी पुढे बरंच वाचलं. जन्म १९३० चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ताचेवो गावचा, जे आज युक्रेनमध्ये आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी आउशवित्झच्या छळछावणीत. त्यातून ते जिवंत बाहेर आले, अमेरिकेत शिकले आणि सांख्यिकी भौतिकीला आयुष्य दिलं. सोव्हिएत संघात कोंडमारा सोसणाऱ्या वैज्ञानिकांसाठीही ते वर्षानुवर्षं झटले. २०२२ मध्ये त्यांना आणि एलियट लीब यांना, डेव्हिड रुएल यांच्यासोबत, डिराक पदक मिळालं. सरांच्या अक्षरातल्या त्या निबंधावर मी आजही हात फिरवते तेव्हा मला कुठेतरी वाटत राहतं की हा कागद माझ्यापर्यंत पोचायला किती माणसांना किती काय ओलांडावं लागलं.

आता खरा प्रश्न. कुठलाही खरा पदार्थ इतका शिस्तीत नसतो. निसर्गातल्या बोरॉनमध्ये पाचातला साधारण एक अणू १० वजनाचा आणि चार ११ वजनाचे असतात, आणि कुठला कुठे बसेल याला काही नियम नाही. तांब्यात ६३ आणि ६५, क्लोरीनमध्ये ३५ आणि ३७. म्हणजे साखळीतल्या अणूंची वजनं कशीही मिसळलेली. स्वाभाविक अपेक्षा अशी की लहरी आता ठेचकाळतील, विखुरतील आणि फूरियेचा नियम आपोआप परत येईल. सरांनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं, असं फाइलमधल्या त्यांच्या टिपणांवरून दिसतं.

तसं होत नाही. फ्रीमन डायसननं १९५३ मध्येच अशा विस्कळीत साखळीच्या कंपनांचा अभ्यास केला होता. १९५८ मध्ये फिलिप अँडरसननं दाखवून दिलं की पुरेशा विस्कळीत जाळीत लहर विखुरत विखुरत पुढे सरकत नाही, ती एका जागी अडकूनच पडते. तो बोलत होता इलेक्ट्रॉनांसारख्या लहरींबद्दल. १९७७ च्या नोबेलमागे हे काम होतं. एका मितीत तर अव्यवस्था कितीही थोडी असली तरी पुरते. लहरीला वळसा घालून जायला दुसरी वाट नसते. मागे परतलेल्या लाटा आणि पुढे जाणाऱ्या लाटा एकमेकींना अशा मारतात की कंपन एका पट्ट्यात स्थानबद्ध होतं आणि त्या पट्ट्याबाहेर झपाट्यानं विरतं. जपानमध्ये मात्सुदा आणि इशिई यांनी १९७० मध्ये उष्णतेच्या साखळीसाठी हे मांडलं, आणि त्यासाठी फर्स्टेनबर्गच्या एका प्रमेयाचा आधार घेतला. दोन ओळी, दोन स्तंभांचे मॅट्रिक्स यदृच्छेनं निवडून एकामागून एक गुणत गेलात तर गुणाकार कसा फुगतो, याबद्दलचं ते प्रमेय. प्रत्येक अणूचा एक मॅट्रिक्स. साखळी म्हणजे त्यांचा गुणाकार. इतकं देखणं भाषांतर पदार्थाचं गणितात क्वचित होतं.

मग उष्णता नेतं तरी कोण? इथं सर खुलायचे. "बैलगाडीचं चाक बघितलंयस ना? वाटेत खडे असतात, त्याला पत्ता लागत नाही. तिथंच पोराचा पांगुळगाडा घेऊन बघ, पहिल्या खड्याला अडेल." आखूड लहरीला प्रत्येक अणूचं वजन जाणवतं. लांब लहरीच्या एका चढउतारात शेकडो अणू येतात, तिला दिसते ती फक्त त्यांच्या वजनांची सरासरी. लहर जितकी लांब, तितकी अव्यवस्था तिच्यासाठी पुसट. याचं टोकाचं रूप म्हणजे सगळी साखळी एकसाथ सरकणं: एकही स्प्रिंग ताणली जात नाही, मग कुणाचं वजन किती याला अर्थच उरत नाही. त्या हालचालीला कुठलीही अव्यवस्था अडवू शकत नाही, आणि अतिलांब लहरी तिच्या सख्ख्या शेजारणी असतात. गणितात हे असं उतरतं की स्थानबद्धतेची लांबी वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. वारंवारता दहापट कमी केली की लहर शंभरपट दूर पोचते. म्हणजे दहा हजार अणूंच्या साखळीत कंपनाच्या दहा हजार रीती असल्या, तरी स्थिरांक सोडून बोलायचं तर पलीकडचं टोक गाठणाऱ्या शंभराच्या घरातल्याच. बाकीच्या जिथल्या तिथे थरथरतात. सगळा भार त्या मूठभर लांब लहरींवर.

फाइलमधले शेवटचे दोन निबंध दोन्ही १९७१ चे होते. एक रुबिन आणि ग्रीअर यांचा, दुसरा कॅशर आणि लेबोविट्झ यांचा. प्रश्न एकच, साखळी एकच, वजनांची सरमिसळ तीच. उत्तरं मात्र जुळत नव्हती. पहिल्या पद्धतीत साखळी चौपट लांब केली की प्रवाह निम्मा होतो. दुसऱ्या पद्धतीत तो आठव्या हिश्शावर येतो. फूरियेच्या हिशेबानं चौथा हिस्सा यायला हवा होता. एक उत्तर त्याच्या वर, एक खाली. साखळी शंभरपट केली तर पहिल्यात प्रवाह दहावा हिस्सा, दुसऱ्यात हजारावा. एका पद्धतीत तोच पदार्थ लांबीबरोबर चांगला वाहक होत जातो, दुसरीत वाईट होत जातो. हे कसं शक्य आहे? दुसऱ्या निबंधाच्या हस्तलिखित प्रतीवर समासात सरांनी पेन्सिलीनं तीन शब्द लिहिले होते. ते मी वर्गात इतक्यांदा ऐकले होते की वाचायची गरज नव्हती.

रुबिन आणि ग्रीअर यांच्या साखळीची टोकं मोकळी होती. पुढे एकसारख्या अणूंच्या लांबच लांब साखळ्या जोडलेल्या, उष्णतेचे साठे म्हणून. कॅशर-लेबोविट्झ पद्धतीत टोकं भिंतीला घट्ट बांधलेली, आणि साठे फक्त शेवटच्या अणूंना धक्के देणारे. आता लांब लहरीच्या जागी उभं राहून पाहा. टोक मोकळं असेल तर टोकाचा अणू लहरीबरोबर पूर्ण झुलतो, साठ्यानं दिलेला धक्का सरळ लहरीत उतरतो. टोक भिंतीला बांधलेलं असेल तर भिंतीपाशी हालचाल शून्य, आणि लहर फार लांब असल्यामुळे भिंतीशेजारचा अणूही जेमतेम हलतो. साठा त्याला कितीही हलवू दे, त्यातलं लांब लहरीपर्यंत फार थोडं पोचतं. म्हणजे ज्या लहरी अव्यवस्थेतून पार जाऊ शकतात नेमक्या त्यांनाच दारात अडवलं जातं. दारात कोण शिरेल हे वारंवारतेच्या वर्गावर ठरतं, आणि तेवढ्यानं चौपट साखळीतला अर्ध्याचा आठवा होतो.

मला हे कळलं त्या दिवशी मी सरांच्या ओट्यावर बसले होते. काकूंनी पोहे आणून ठेवले होते ते तसेच निवले. पदार्थाचा गुणधर्म म्हणून आपण ज्याला वाहकता म्हणतो तो पदार्थात पूर्ण नसतोच, टोकांवरही असतो, हे मान्य करायला मनाची फार ओढाताण होते. लीच्या चकतीच्या प्रयोगात आपण पुठ्ठ्याचा एक आकडा काढून येतो आणि तो पुठ्ठ्याचाच असतो. तिथं फूरिये खरा असतो म्हणून. एका ओळीच्या विस्कळीत साखळीला असा स्वतःचा आकडा नाही.

पुढे लग्न झालं, कऱ्हाडच्या बाजूला एका कॉलेजात नोकरी लागली. आमच्या ग्रंथालयात संशोधनाचं एकही नियतकालिक येत नव्हतं. या काळात मला ज्याचा आधार झाला त्या गोष्टीबद्दल कृतज्ञता व्यक्त केल्याशिवाय पुढे जाणं मला जमणार नाही. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉसमध्ये शोधनिबंधांचा एक खुला संग्रह सुरू केला. आज त्याला अर्काइव्ह म्हणतात. जगभरचे पदार्थवैज्ञानिक छपाईआधीच आपले निबंध तिथं ठेवतात, आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. तालुक्याच्या गावातल्या बाईलाही. इंटरनेट आलं तसा मला तिथं अभिषेक धर यांचा २००१ चा निबंध सापडला. विस्कळीत साखळीत प्रवाह लांबीबरोबर कोणत्या घातानं घटतो हे साठ्यांच्या स्वभावावर ठरतं, असं त्यात स्वच्छ मांडलं होतं. मोकळी टोकं आणि बांधलेली टोकं ही त्याची दोन रूपं. २००८ मध्ये त्यांचाच विस्तृत आढावा आला, कमी मितींतल्या उष्णतावहनावरचा. धर तेव्हा बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत होते. मी त्यांना कधी भेटले नाही, पत्रही लिहिलं नाही. पण झेरॉक्सच्या दुकानातून तो आढावा छापून, बांधून घेतला आणि एस.टी.नं सांगलीला गेले.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी आढावा हातात घेतला, आधी शेवटची संदर्भसूची उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवत गेले. फाइलमधले सगळे तिथं होते. मग म्हणाले, "म्हणजे हे लोक थांबले नाहीत." त्यांच्या आवाजात हळहळ असेल अशी मला भीती होती. नव्हती. आनंद होता, आणि लगेच प्रश्न होते. प्रत्येक अणू आपापल्या जागी वेगळ्या स्प्रिंगनं बांधला तर? मी दाखवलं: मग साखळीला एकसाथ सरकता येत नाही, लांब लहरींची ती सूट संपते, सगळ्याच लहरी स्थानबद्ध होतात आणि प्रवाह लांबीबरोबर घातांकी वेगानं संपतो. अस्सल उष्णतारोधक. आणि अशा साखळीत स्प्रिंगा थोड्या अनादर्श केल्या तर? धर आणि लेबोविट्झ यांनी त्याच वर्षी संगणकावर पाहिलं होतं: जराशी अनादर्शता आली की लहरी एकमेकींना धक्के देऊन अडकलेल्यांना सोडवतात आणि फूरियेचा नियम दिसू लागतो. सर बराच वेळ त्या पानावर होते.

त्यानंतरच्या सुट्ट्यांत मी स्वतः हिशेब केले. कॉलेजच्या संगणककक्षाची किल्ली माझ्याकडे असायची. यदृच्छेनं वजनं निवडायची, मॅट्रिक्स गुणायचे, प्रत्येक वारंवारतेला किती पार जातं ते काढायचं आणि बेरीज करायची. नवीन काहीच शोधायचं नव्हतं. मला स्वतःच्या डोळ्यांनी अर्धा आणि आठवा पाहायचे होते. लॉग कागदावर दोन रेषा आल्या, एक सावकाश उतरणारी, एक तीव्र. त्या मी सरांना नेऊन दाखवल्या.

संगणकावर साखळी हलवायची म्हटलं की मला मेरी त्सिंगू आठवतात. १९५० च्या दशकात लॉस अलामॉसला फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी मॅनिअॅक यंत्रावर चौसष्टपर्यंत गोळ्यांची अनादर्श साखळी हलवून पाहिली. ऊर्जा सगळ्या रीतींमध्ये वाटली जाईल अशी अपेक्षा होती. ती थोड्याच रीतींमध्ये फिरून जवळपास होती तिथं परत आली. १९५५ च्या अहवालाचे लेखक म्हणून तिघांचीच नावं आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या त्सिंगूंचे आभार तळटीपेत. पन्नास वर्षं त्या प्रश्नाला तीनच नावांनी ओळखलं गेलं, मग २००८ मध्ये तिएरी दोक्स्वा यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि चौथं नाव जोडायला सुरुवात झाली. मी वर्गात चारही नावं सांगते. प्रयोगवहीच्या शेवटी मदतनिसाचं नाव लिहायचं हा माझ्या वर्गाचा नियमही तिथूनच आला. मामांचं नाव माझ्या कुठल्याच वहीत नाही.

आणि हे सगळं केवळ कागदावरचं नाही, हेही सरांच्या हयातीत कळलं याचं मला समाधान आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथं बोरॉन नायट्राइडच्या नॅनोनळ्यांवर मोजमाप झालं. निसर्गातल्या मिसळीऐवजी जवळपास सगळे बोरॉन अणू ११ वजनाचे ठेवले, तर नेहमीच्या तापमानाला वाहकता सुमारे निम्म्यानं वाढली. वजनांच्या सरमिसळीची किंमत अशी थेट हातात आली. २०१० मध्ये एम.आय.टी.त पॉलिथिलीनचा, म्हणजे आपल्या पिशवीच्याच प्लास्टिकचा, अतिसूक्ष्म तंतू ताणून त्यातल्या रेणूंच्या साखळ्या सरळ केल्या. एरवी उष्णतेला अडवणारं हे प्लास्टिक शंभरावर वॉट प्रति मीटर केल्विन वाहकता दाखवू लागलं, अनेक शुद्ध धातूंपेक्षा जास्त. गुंता सोडवला एवढंच. ही बातमी मी फोनवर सांगितली तेव्हा सरांनी वजनांबद्दल, लांबीबद्दल विचारलं, आणि मग अर्थातच मोजताना तंतूची टोकं कशाला चिकटवली होती तेही.

सर गेले त्याच्या पुढच्या काही वर्षांत. काकूंनी फाइल मला दिली, खरं तर ती माझ्याकडेच होती, फक्त आता परत करायची राहिली नाही. असं ऋण फेडायला माणूस समोर लागतो. तो नसला की मागे फक्त काम उरतं, तेही त्यानंच दिलेलं. मी ते करते. फाइलमधले कागद आता पिवळे पडून तुटायला लागलेत, म्हणून स्कॅन करून घेतले; मूळ प्रती मुलांना हाताळू देते. छापील निबंध पडद्यावर सहज मिळतो, पण कुणीतरी रात्ररात्र बसून तो अक्षर न् अक्षर उतरवला होता हे बोटांना कळलं की वाचण्यात फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्या गावाजवळच्या एका साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी सध्या माझ्याकडे एम.एस्सी.चा प्रकल्प करते आहे. गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "मॅडम, दोन्ही मोकळी झाली, दोन्ही बांधलेली झाली. एक मोकळं आणि एक बांधलेलं ठेवलं तर?" फाइलमध्ये हा प्रश्न नाही. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, मधलं काहीतरी येईल. दुसऱ्या दिवशी आली ती मत बदलूनच. "मधलं नाही येणार मॅडम. एका दारातून भरपूर शिरलं तरी दुसऱ्यातून निघायला हवं ना. बांधलेलं टोकच ठरवेल. चौपट केली तर आठवाच येईल."

मी तिला म्हटलं, युक्तिवाद चांगला आहे, आता मोजून दाखव. लहान साखळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. लहान लांबीवर साखळी वेगळंच काहीतरी दाखवते, अनादर्श साखळ्यांबद्दल धर आणि साइतो यांचा २००८ चा निबंध त्यासाठी वाच. किमान काही हजार अणू घे, वजनांची पुष्कळ वेगवेगळी सरमिसळ घेऊन सरासरी काढ. संगणककक्षाची किल्ली तिला दिली आहे. काल तिनं पहिले आकडे आणले होते, साखळी अजून फार आखूड आहे.